एक्केचाळीस बायकांमागे दोन बिल्ले

त्या वर्षीही अठ्ठ्याहत्तर टक्के कर्मचारी समाधानी निघाले.

“पन्नास फॉर्म?” मी विचारलं.

“हो मॅडम, पन्नास,” समोरचा विद्यार्थी म्हणाला.

“फौंड्रीतल्या कामगारांनी भरलेले?”

“हो मॅडम. आत जाऊन एकेकाकडून भरून घेतले.”

मी ते पन्नास कागद टेबलावर पसरले. निळं पेन, काळं पेन, मधेच एक हिरवं. काही अक्षरं डावीकडे कललेली, काही उजवीकडे. मेहनत घेतली नव्हती असं म्हणता आलं नसतं. मी हातातला किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. ही माझी सवय. त्या जुडग्यात कारखान्यातला एक जुना पितळेचा बिल्ला होता, सात नंबरचा, त्याचा आवाज खणखणीत यायचा.

“कारखान्यात मी सतरा वर्षं काढली आहेत,” मी म्हणाले. “तिथल्या माणसाच्या हातात कागद दिला की परत येताना त्यावर अंगठा उमटून येतो. तुझ्या पन्नासांपैकी एकाच्याही हाताला काळं कसं लागलेलं नाही रे?”

तो बुटांकडे बघायला लागला.

“हॉस्टेलच्या कुठल्या खोलीत भरलेत?”

“बारा नंबर, मॅडम.”

दाराशी एक लाल प्लॅस्टिकचा क्रेट होता. कारखान्यात नापास झालेला माल लाल क्रेटमध्ये जातो, आणि ज्यानं टाकला त्याच्या सहीशिवाय तो पुन्हा लाइनवर येत नाही. कॉलेजात आल्यावर मी तो नियम सोबत आणला होता. सोनेरी अक्षरांच्या बाइंडिंगसह तो रिपोर्ट क्रेटमध्ये गेला. आत आधीच सहा होते, सगळे समाधानी.

आमचं कॉलेज कोल्हापूर-सांगली रस्त्यावरचं, एमबीएचं. मुलांनी दोन महिने एखाद्या कारखान्यात काम करायचं, रिपोर्ट लिहायचा, त्याला कंपनीचं प्रमाणपत्र आणि मार्गदर्शकाची सही जोडायची, मग बाहेरचे परीक्षक येऊन व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घेणार, असा शिरस्ता. प्रत्यक्षात बहुतेकजण मामाच्या कंपनीचा शिक्का आणायचे आणि फॉर्म हॉस्टेलात भरायचे. शंभरच्या शंभर टक्के समाधानी लिहिलं तर संशय येईल, साठ लिहिलं तर कंपनी रागावेल, म्हणून कुणीतरी कधीकाळी अठ्ठ्याहत्तर हा आकडा काढला होता आणि तो बॅचमागून बॅच चालत आला होता. मी या प्रकारावर वर्गात यथेच्छ तोंडसुख घ्यायची. मी स्वतः कारखान्यातून आलेली, बाकीचे प्राध्यापक पुस्तकातून आलेले, हा तोराही त्यात होताच.

त्या मंगळवारचा आठवा रिपोर्ट यास्मीन नदाफचा होता.

ही मुलगी तिसऱ्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. वडील जयसिंगपुरात गाद्या भरायचे. तिनं रिपोर्टसोबत फॉर्मचा गठ्ठा ठेवला आणि तो उघडताच मला सटासट तीन शिंका आल्या.

“सॉरी मॅडम,” ती म्हणाली. “मिरचीची पूड आहे. झटकली तरी जात नाही.”

कागदांवर लाल बोटं उमटली होती. मी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

तिचा प्रोजेक्ट शिंत्रेसाहेबांच्या मसाल्याच्या कारखान्यात होता. शिंत्रेसाहेब आमच्या कॉलेजच्या नियामक मंडळावर. दरवर्षी आमची आठ-दहा मुलं नोकरीला घ्यायचे, म्हणून संचालकांच्या केबिनमध्ये त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची होती. यास्मीनला त्यांनी विषय दिला होता ‘कर्मचारी समाधान’. तिला ऑफिसात बसवलं होतं. दुसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, मी पॅकिंगमध्ये बसू का, आणि कुणी नाही म्हणालं नाही. नऊ दिवस ती पाकिटं भरत बायकांमध्ये बसली. जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेरच्या करंजाच्या झाडाखाली मांडीवर कागद ठेवून तिनं फॉर्म भरून घेतले.

पॅकिंगमध्ये एक्केचाळीस बायका. मोरीला जायचं तर सुपरवायझरकडून बिल्ला घ्यायचा. बिल्ले दोन. एक बाई बिल्ला घेऊन गेली आणि परत आली की दुसरीनं जायचं. आपली पाळी यायला कधी दोन तास, कधी जेवणाची सुट्टीच. यास्मीननं त्यांना समाधानाबद्दल काही विचारलंच नव्हतं. तिनं एकच प्रश्न विचारला होता: आठ तासांत तुम्ही किती पेले पाणी पिता?

एकही नाही, बारा जणी. एक पेला, एकवीस. दोन पेले, आठ.

मिरचीच्या धुरळ्यात, एप्रिल-मेमध्ये. खाली एका बाईचं म्हणणं तिनं जसंच्या तसं लिहिलं होतं: “पानी पिलं की जावं लागतंय. जायाचं तर बिल्ला पायजे. त्यापरीस न पिलेलं बरं.” त्याखाली सव्वीस जणींची नोंद होती, ज्यांना लघवीच्या जळजळीसाठी गेल्या सहा महिन्यांत गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या.

ते पान मी दोनदा वाचलं. मग जुडगा टेबलावरून उचलून पर्समध्ये टाकला.

“हे बिल्ल्याचं कुणाच्या डोक्यातून आलं, विचारलंस का?”

ती माझ्यामागच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाली, “नाही मॅडम. जुनं असेल.”

“तुझा आकडा कुठे आहे? तू बसलीस ना नऊ दिवस?”

“पहिल्या दिवशी तीन पेले. चौथ्या दिवसापासून एक.” ती थोडी हसली. “घरी गेल्यावर तांब्याच तोंडाला लावायचे.”

“उत्तम काम आहे,” मी म्हणाले. “शुक्रवारी व्हायवा. कंपनीचं प्रमाणपत्र कुठे आहे?”

“तेच देत नाहीत, मॅडम.”

बुधवारी सकाळी संचालकांचं बोलावणं आलं. डॉ. पट्टणकुडे हे वाईट गृहस्थ नव्हते. कुणाच्या घरी काही झालं तर पहिले हजर, फक्त कुणी आवाज चढवला की त्यांना दरदरून घाम फुटायचा.

“मॅडम, शिंत्रेसाहेबांचा दोनदा फोन आला.”

“एकदाच रिपोर्ट वाचून?”

“चेष्टा नको. ते म्हणतात, विषय समाधानाचा दिला होता, मुलीनं मोरीचा केला. प्रमाणपत्र देणार नाहीत. प्रमाणपत्र नाही तर व्हायवा नाही. व्हायवा नाही म्हणजे पोरीचं वर्ष गेलं.” त्यांनी रुमाल काढला. “मी मधला मार्ग काढलाय. आपले देसाईसर दोन दिवसांत साधासा रिपोर्ट करून देतात. मुलीचं नाव, तुमची सही, त्यांचा शिक्का. सगळ्यांचं भलं.”

“देसाईसर कधी गेले होते मसाल्याच्या कारखान्यात?”

“मॅडम!”

“किती टक्के समाधानी निघणार आहेत, ते तरी सांगा.”

त्यांची अवस्था धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी झाली होती. शेवटी हळूच म्हणाले, “तुमचा करार जूनमध्ये संपतोय. मंडळावर ते आहेत. मी आपलं सांगून ठेवलं.”

पुढच्या जूनमध्ये माझा करार वाढवला गेला नाही. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्याची हुरहुर कुणाला नको. मला तर त्या दिवशीही नव्हती. मला राग आला होता, चांगला सणसणीत, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती. बऱ्याच दिवसांत कुणाशी दोन हात केले नव्हते.

यास्मीन बाहेर जिन्यात उभी होती. तिला सगळं कळलं होतं, कॉलेजात भिंतींना कान असतातच.

“घरी काय म्हणतात?” मी विचारलं.

“अब्बा म्हणाले, मॅडमना विचार. वर्ष गेलं तर परत फी भरायला जमणार नाही म्हणाले. रागानं नाही, नुसतं सांगितलं.” तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “तुम्ही म्हणाल तसं करते, मॅडम. दुसरा विषय द्या, कारखाना बदला, दोन महिने परत करते. पण अठ्ठ्याहत्तर टक्के मी नाही लिहिणार. त्या बायका मला डब्यातलं द्यायच्या.”

“रोज गेटवर सही करत होतीस?”

“गेट पास असायचा. दर दिवसाचा वेगळा. शिक्का मारून द्यायचे.”

“फेकलेस?”

“तुम्हीच सांगितलं होतं ना, कारखान्यातला कागद फेकायचा नाही.” तिनं सॅकमधून एक प्लॅस्टिकचा फोल्डर काढला. अठ्ठेचाळीस पास. प्रत्येकावर कंपनीचा गोल शिक्का, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ.

मला तिथल्या तिथे टाळी वाजवावीशी वाटली. विद्यापीठाला पाहिजे होता तो विद्यार्थी कंपनीत गेल्याचा पुरावा. तो इथे अठ्ठेचाळीस वेळा होता. एका दिवशी तर शिक्का दोनदा मारला होता.

“हे सगळे पास रिपोर्टला जोड,” मी म्हणाले. “शुक्रवारी मी बघते.”

गुरुवारी दुपारी सही करायला बसले. सही करण्यापूर्वी मोजायचं, हे माझ्या हाडात मुरलेलं. रिपोर्टात लिहिलं होतं, ‘एकूण बेचाळीस मुलाखती’. गठ्ठ्यात फॉर्म निघाले एक्केचाळीस. मी पुन्हा मोजले. क्रमांक एकपासून एक्केचाळीसपर्यंत सरळ होते. बेचाळिसावा नव्हता.

यास्मीनला बोलावलं.

“बेचाळिसावी बाई कोण?”

“चूक झाली असेल, मॅडम. एक्केचाळीस करते.”

“तू मोजण्यात चुकत नाहीस. कोण आहे?”

खिडकीबाहेर पोरांचा व्हॉलीबॉल चालला होता. मी थांबले. थांबणं मला येतं, त्यावरच मी सतरा वर्षं सुपरवायझरांकडून खरं काढून घेतलं होतं.

तिनं सॅकच्या आतल्या कप्प्यातून चार घड्या घातलेला कागद काढला. त्यावर लाल बोटं नव्हती, ऑफिसच्या पेनानं स्वच्छ लिहिलेला होता. मुलाखत क्रमांक बेचाळीस, प्रोडक्शन मॅनेजर, सूरज चौगुले. हा माझाच विद्यार्थी, पाच वर्षांपूर्वीचा, वर्गात पहिला. प्रश्न होता: बिल्ल्याची पद्धत कशी सुरू झाली? खाली उत्तर: ‘ही पद्धत आम्हाला एमबीएला शिकवली होती. आमच्या मगदूम मॅडमनी त्यांच्या कंपनीत प्रत्यक्ष राबवली होती. त्यांच्याकडे तीस बायकांना चार बिल्ले होते. आम्ही आणखी सुधारणा केली.’

मगदूम मॅडम म्हणजे मी.

वर्गात ही गोष्ट मी दरवर्षी सांगायची. पंप बनवणारी कंपनी, मोटारीच्या कॉइलवर तारा गुंडाळणाऱ्या तीस बायका. बायका मोरीला उठल्या की लाइन थांबते, नऊ टक्के वेळ वाया. वरचे साहेब म्हणाले, बायकांचा मामला आहे, तुम्हीच सोडवा. ऑफिसरांत मी एकटीच बाई, वय एकतीस, सगळ्यांना दाखवून द्यायची खुमखुमी. मी चार पितळी बिल्ले पाडून घेतले, पाच ते आठ नंबरचे. महिन्याभरात नऊ टक्क्यांचे चार झाले. मला बक्षीस मिळालं, भिंतीवरचं घड्याळ. कंपनीच्या मासिकात फोटो आला. ऑफिसरांच्या मोरीची किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये असायची, हा तपशील मी वर्गात कधी सांगितला नव्हता. तो महत्त्वाचा वाटलाच नव्हता.

गोष्टीचा शेवट मात्र मी रंगवून सांगायची. इंदूबाई नावाची एक कामगार होती. निवृत्त झाली त्या दिवशी हार, नारळ सगळं झाल्यावर ती माझ्या टेबलाशी आली आणि सात नंबरचा बिल्ला पुढे ठेवला. मी म्हटलं, अहो, हा कंपनीचा आहे. ती म्हणाली, “असू दे बाई तुमच्यापाशी. कवा गरज लागली तर.” वर्गात मी जुडगा वर धरून बिल्ला दाखवायची आणि म्हणायची, बघा, पद्धत चांगली असेल तर कामगारच तिची आठवण जपतो. पोरं टिपून घ्यायची.

“मला का नाही दाखवलास?” मी विचारलं. “मला वाईट वाटेल म्हणून?”

“खोटं कशाला बोलू, मॅडम?” यास्मीननं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. “भीती वाटली. तुमचं नाव आलं तर तुम्ही सही करणार नाही असं वाटलं. तुम्ही सही केली नाही तर माझं कोण आहे?”

मी त्या कागदाच्या घड्या हातानं सपाट करत राहिले.

“वर्गात तुम्ही ते सांगितलंत तेव्हा मलापण छान वाटलं होतं,” ती म्हणाली. “वहीत लिहून घेतलं होतं मी. मग नऊ दिवस तिथं बसले. एकदा सकाळी अकराला बिल्ला मागितला तो दीडला मिळाला. तेव्हा मला त्या इंदूबाई आठवल्या. त्या काय म्हणाल्या होत्या ते.” तिनं ओढणी सावरली. “मॅडम, त्यांनी तो आठवण म्हणून नव्हता दिला हो.”

व्हॉलीबॉल थांबला होता. मी पर्समधून जुडगा काढला आणि तो बिल्ला बघत बसले. अठरा वर्षं मी तो मिरवत होते. पन्नास फॉर्मांवर एकही डाग नाही हे मला दुरून दिसत होतं, आणि एका बाईनं तोंडावर हाणलेली चपराक मी बक्षीस म्हणून किल्ल्यांना लावली होती. आपण हसे लोकांना, शेंबूड आपल्या नाकाला. लाज वाटली, आणि ती लाज अजून पुरती गेलेली नाही.

“हा फॉर्म जोड,” मी म्हणाले.

“शेवटी?”

“सगळ्यात आधी. परिशिष्ट एक. आणि त्याखाली मी दोन ओळी लिहून देते, त्या टाइप कर.”

शुक्रवारी सकाळी केबिनमध्ये शिंत्रेसाहेब त्यांच्या खुर्चीत बसले होते. बाजूला पट्टणकुडेसर, समोर देसाईसरांचा नवा रिपोर्ट, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, शाईचा वास अजून येत होता.

“या, या मॅडम,” शिंत्रेसाहेब म्हणाले. “तुम्ही आमच्यातल्या हाय. इंडस्ट्री बघितलेली बाई. ह्या मास्तर लोकांना समजत नाही ते तुम्हाला समजतंय. पोरगी लहान हाय, चुकली. आपण सांभाळून घ्यायचं. सही तेवढी करा.”

मी तो रिपोर्ट उघडला. पान छत्तीस.

“अठ्ठ्याहत्तर टक्के,” मी म्हणाले. “सर, देसाईसरांना सांगा, कधीतरी एकोणऐंशी तरी करा.”

पट्टणकुडेसरांनी रुमाल काढला. शिंत्रेसाहेब हसले नाहीत.

“मॅडम, मला बोलायला लावू नका. हे बिल्ल्याचं कुणाचं डोकं, म्हाइत हाय का? आमच्या चौगुल्यानं मला सांगितलंय. तुमचंच शिकवणं. उद्या हे बाहेर गेलं तर आमचं काय, चार दिवस बोलतील लोक. तुम्ही वर्गात तोंड कसं दाखवणार? तुमच्याच पोरीनं तुमच्यावर रिपोर्ट केला म्हनतील.”

“पान एकोणसत्तर बघा,” मी म्हणाले आणि यास्मीनचा रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी उघडला. परिशिष्ट एक, चौगुलेचा फॉर्म. त्याखाली माझ्या दोन ओळी: ‘वरील पद्धत मी शोधली, राबवली आणि नऊ वर्षं शिकवली. ती चुकीची होती, हे या विद्यार्थिनीनं मला दाखवून दिलं.’ त्याखाली सही, पूर्ण नाव, तारीख.

शिंत्रेसाहेबांनी सहीवर बोट ठेवलं.

“हे तुम्ही लिवलंय?” त्यांनी विचारलं.

“सही ओळखत नसाल तर सरांना विचारा.”

“मॅडम, समजून घ्या...” पट्टणकुडेसर पुटपुटले.

“सर, मी दोन दिवस तेच करतेय. या नव्या पुस्तकावर माझी सही होणार नाही. दुसऱ्या कुणाची घेतलीत तर मी व्हायवाच्या दारात उभी राहून प्रत्येकाला सांगेन की हे देसाईसरांनी कारखाना न बघता लिहिलंय. आणि मला काढायचं तर खुशाल काढा. पण आज संध्याकाळी काढा, आज दुपारी मला काम आहे.”

निघताना मी देसाईसरांचा रिपोर्ट काखेत मारला आणि माझ्या दारातल्या लाल क्रेटमध्ये टाकला. माझ्या सहीशिवाय तो काही तिथून उठणार नव्हता.

व्हायवाला बाहेरचे परीक्षक आले होते, हुपरीकडचे एक निवृत्त प्राध्यापक, बोरगावे. अशा पाहुण्यांना मटणाचं ताट द्यायचं आणि गुण घ्यायचे, ही रीत. बोरगावेसर जेवून आले होते आणि डोळे जड झाले होते. यास्मीन आत आली.

“कंपनीचं प्रमाणपत्र कुठाय?” त्यांनी विचारलं.

यास्मीननं माझ्याकडे बघितलं. तिनं गेट पासांचं पान उघडून त्यांच्यापुढे केलं.

“सर, प्रमाणपत्र दिलं नाही. का दिलं नाही ते पान बावीसवर आहे. पण मी रोज गेले होते.”

बोरगावेसरांनी पास उलटसुलट बघितले. मग पान बावीस उघडलं. वाचता वाचता त्यांनी चष्मा नीट केला. समोर पाण्याचा पेला होता, तो उचलला, अर्ध्यावर थांबवला आणि खाली ठेवला.

“हा शिक्का कंपनीचाच?”

“हो सर.”

“मग झालं की. आणखी कसलं प्रमाणपत्र पाहिजे?” त्यांनी पुढची वीस मिनिटं तिला प्रश्न विचारले, आणि झोप कुठल्या कुठे गेली. शेवटी म्हणाले, “ह्या बायकांना तू काय दिलंस गं, त्यांनी तुला एवढं सांगितलं?”

“काही नाही सर. मी त्यांच्यात बसले.”

ती बाहेर आली तेव्हा जिन्यात तिचे वडील उभे होते, कापसाचे धागे अजून शर्टाला चिकटलेले. मी त्यांना सांगितलं, पास झाली. त्यांनी नुसते दोन्ही हात जोडले. मी ते खाली केले. त्या दिवशी मला कुणी हात जोडावेत अशी माझी लायकी नव्हती.

पोर्चमध्ये शिंत्रेसाहेबांची गाडी लागली होती. ड्रायव्हरनं दार उघडलं होतं. मी जिने भराभर उतरले. जुडग्याची कडी घट्ट होती, नख उलटं फिरलं, पण बिल्ला निघाला.

“शिंत्रेसाहेब, एक मिनिट.”

ते वळले. बहुधा त्यांना वाटलं, बाई आली वठणीवर. मी बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला.

“हे काय?”

“बिल्ला आहे. पितळेचा. तुमच्याकडे दोनच आहेत ना?”

“मला काय करायचाय हा?”

“असू दे तुमच्यापाशी,” मी म्हणाले. “कवा गरज लागली तर.”

त्यांनी तो उलटून पाहिला, सात आकड्यावरून अंगठा फिरवला, हसले आणि खिशात टाकला. मीही तेव्हा हसतच घेतला होता.